पाळणुकीचा मंगळवार

आमदार मारुतीराव सरनोबत विसरायचे आणि महादेव लक्षात ठेवायचा, अशी अकरा वर्षं दोघांची वाटणी होती. कुठल्या गावात कुणाची आई वारली, कुणाच्या पोराची बदली अडकली, कोण आपल्या सभेत हार घालून संध्याकाळी विरोधकाच्या मांडवात जेवून आला, हे सगळं महादेवच्या डोक्यात असे. डोक्यात मावत नव्हतं ते काळ्या डायरीत असे. गाडी थांबायच्या आधी तो मागं वळून हळूच सांगे, "निळा शर्ट, परशराम. बायकोचं ऑपरेशन झालंय." मग साहेब उतरून निळ्या शर्टाच्या खांद्यावर हात टाकत, "परशराम, वैनी कशा हाईत रं आता?" परशरामचे डोळे भरून येत आणि ते घर साहेबांचं होऊन जाई. महादेवच्या वाट्याला पुढची डावी सीट, दोन फोन, साहेबांच्या बीपीच्या गोळ्यांची डबी आणि लोकांच्या तोंडचं 'पीएसाहेब'. त्याला ते पुरत होतं. खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

त्या डायरीतलं एक पान मात्र जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या पीएकडं सापडलं नसतं. ते पाळणुकीचं पान. बेळगाव-खानापूरकडच्या गावांत देवीच्या यात्रेआधी ठरलेले मंगळवार पाळतात. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, खुरपं उचलायचं नाही, मातीला हत्यार लावायचं नाही आणि शिवारात पाऊल टाकायचं नाही. सहा वर्षांपूर्वी गुंजीकडच्या एका गावात साहेबांनी नेमक्या अशाच मंगळवारी रस्त्याच्या भूमिपूजनाची कुदळ मारली. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर चार माणसं. बाकी गाव दारांआडून बघत होतं आणि म्हाताऱ्या बोटं मोडत होत्या. पुढच्या निवडणुकीत ते गाव हातचं गेलं.

तेव्हापासून दर साली महादेव गावोगावच्या पंचांना फोन लावून मंगळवार विचारून घेई आणि एका पानावर नीट मांडून ठेवी. साहेबांचा दौरा त्या दिवसांना वळसा घालून जाई. बेळगावातल्या खासबागेच्या ऑफिसात भरल्या बैठकीत साहेबांनी ते पान उचलून सगळ्यांना दाखवलं होतं, "ह्याला म्हणत्यात काम!" त्या रात्री महादेवनं घरी येऊन बायकोला, सौम्याला, ते तीनदा सांगितलं होतं.

त्याचं स्वतःचं गाव आंबेगाळी. पिरनवाडी मागं टाकून खानापूरच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला आत. गावाच्या शिवारातून बायपास जायचा होता. चाळीस घरांची पिकाऊ जमीन त्यात जाणार होती. नोटिसा येऊन पडल्या होत्या. दोनदा जेसीबी आले आणि दोन्ही वेळा बायका त्यांच्यापुढं आडव्या झोपल्या, तेव्हा पोलिसही हात चोळत परतले. साहेबांनी मारुतीच्या देवळापुढं उभं राहून जाहीर सांगितलं होतं, "आधी माझ्या अंगावरनं जेसीबी जाईल, मग तुमच्या रानावरनं." टाळ्या पडल्या. हे वाक्य महादेवनंच गाडीत सुचवलं होतं.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी ते निपाणीहून बेळगावला येत होते. निपाणी हे साहेबांचं घर, तंबाखूच्या वखारी तिथंच. मागच्या सीटवर साहेबांच्या शेजारी बायपासचा ठेकेदार बसला होता. पांढरा शर्ट, मांडीवर फोन, बोलणं कमी. हा माणूस साहेबांच्या गाडीत कसा, असं महादेवच्या मनात आलं, पण कोण कुणाच्या गाडीत बसतो हे विचारायचं नसतं, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता.

"महादेव," साहेब मागून म्हणाले, "तुझ्या गावची पाळणूक सुरू झाली असंल की रं."

"दोन मंगळवार झालं, साहेब. येणारा तिसरा."

"बघून सांग."

बघायची गरज नव्हती. तरी महादेवनं डायरी उघडली, त्या पानावर बोट ठेवलं आणि तारीख वाचून दाखवली. वाचताना आवाज जरा चढलाच.

"शिवारात कोणच जात न्हाय म्हण त्या दिवशी."

"कोणच न्हाय. उकिरड्यावर शेण टाकाय सुदीक न्हाय. गेल्या साली एकाची म्हस वाटाण्यात शिरली, तर गडी बांधाभायेर उभा ऱ्हाऊन दिवसभर हाका मारत बसला. पाऊल टाकलं न्हाय."

ठेकेदार हसला. मग पहिल्यांदाच बोलला, "किती वाजल्यापास्नं किती वाजेपर्यंत?"

"दिवस उगवल्यापास्नं मावळेपर्यंत."

आरशात महादेवला दिसलं, ठेकेदाराचा अंगठा फोनवर काहीतरी टिपून घेत होता. साहेब खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. "चांगली पद्धत हाय," ते म्हणाले. यात्रेला साहेब येणार असतील, असं महादेवनं ठरवून टाकलं. पण पायात काटा मोडून राहावा तसा तो प्रश्न त्याच्यात राहिला. वाजले किती, हे यात्रेला येणारा माणूस कशाला विचारील?

रविवारी महादेवला सकाळची सुट्टी. मसूर काढणीला आली होती. मसूर दव असतानाच काढायची. ऊन चढलं की शेंगा हातात फुटतात आणि दाणे मातीत जातात. म्हणून दिसायला लागायच्या आधीच घर रानात. त्याची आई जयाबाई पुढं, मागं सौम्या, त्यामागं महादेव. नऊ वर्षांची आरोही बांधावर गोधडी पांघरून चहाची किटली राखत बसलेली. जयाबाई साठीची बाई, नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. ही तीस गुंठ्यांची पट्टी तिनं एकटीनं धरून ठेवली होती. ओली रोपं मुळासकट उपटायची, मूठ झाली की झाडायची आणि मागं आडवी टाकायची. महादेवची एक ओळ होईतो आईच्या तीन ओळी झाल्या. त्याच्या तळहाताला अर्ध्या तासात फोड आला.

"डायऱ्या उचलून हात लोण्यागत झाल्यात बघ ह्याचं," जयाबाई मागं न बघता म्हणाली.

"लोणी तरी वासाला बरं असतंय," सौम्या म्हणाली आणि दोघी हसल्या. महादेवही हसला. कंबर धरली होती, गुडघे ओले झाले होते, पण बरं वाटत होतं. इथं कुणी साहेब म्हणत नव्हतं आणि दोन्ही फोन बांधावरच्या पिशवीत होते.

शेजारच्या रानात चुलता यल्लाप्पा, त्याचा पोरगा विक्रम आणि सून अशीच ओणवी होती. यल्लाप्पा गावचा थोरला पंच. पाळणूक घालून देणारा तोच. दिवस वर आल्यावर तो बांधापाशी आला, कमरेवर हात ठेवून ताठ झाला आणि म्हणाला, "म्हाद्या, जेसीबीचं काय रं?"

"न्हाय येत, काका. साहेबांनी शब्द दिलाय न्हवं का?"

"साहेबांचा ऱ्हाऊं दे. तुझा सांग. तू रोज मांडीला मांडी लावून बसतोस. आम्ही रात रात जागतोय, बायका दुपारच्याला आळीपाळीनं राखण कराल्यात. तू एक सांगितलंस तर गाव झोपंल."

जयाबाई मूठ झाडायची थांबून मुलाकडं बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून महादेवला दुसरं काही बोलताच आलं नसतं.

"माझा बी शब्द हाय, काका."

"बास," यल्लाप्पा म्हणाला आणि परत ओणवा झाला.

ऊन चढलं तेव्हा निम्मी पट्टी झाली होती. निम्मी उभी. सोमवारी पैरा मालुबाईच्या रानात होता; तिच्याकडं आज आपण, आपल्याकडं उद्या ती. मंगळवारी पाळणूक. बुधवारी सगळी बाया-माणसं जयाबाईच्या आणि यल्लाप्पाच्या रानात यायची होती. "बुधवारपातुर काय हुतंय?" जयाबाई म्हणाली, "उभं हाय तर हाय."

सोमवारी खासबागेतल्या ऑफिसात साहेबांची बॅग भरून ठेवलेली होती. अधिवेशन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं बंगळूर. साडेअकराला साहेबांचा दुसरा फोन वाजला. तो महादेवच उचले. पलीकडं एक फौजदार होता. बंदोबस्ताचं बोलत होता आणि साहेबांचाच माणूस म्हणून मोकळेपणानं बोलत होता.

"नाळे होलदाग यारू इरंगिल्ल अल्री?"

उद्या रानात कोणी नसणार ना, असं तो विचारत होता. महादेवनं विचारलं, "याव ऊर?" कुठलं गाव?

"आंबेगाळी."

महादेवनं फोन ठेवला. खुर्चीवर बसला, उठला, पाणी प्यायला. मग डायरी काखेत धरून आतल्या खोलीत गेला. साहेब पायमोजे घालत होते. त्याच्याकडं बघून त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते म्हणाले, "दार लाव. बस."

आतल्या खोलीत बस, असं अकरा वर्षांत साहेब कधी म्हणाले नव्हते. महादेव खुर्चीच्या कडेला टेकला.

"हे बघ, महादेव. रस्ता व्हायचाय. तू न मी आडवून थांबत न्हाय. माणसं रानात असली की बायका आडव्या पडणार, लाठी चालणार, डोस्की फुटणार. कुणाची? तुझ्याच माणसांची. मंगळवारी कोण न्हाय, काय न्हाय. रक्ताचा एक थेंब पडणार न्हाय. तुझ्या त्या पानानं पुण्याचं काम केलंय."

"साहेब, मी ते ह्येच्यासाठी लिवलं न्हवतं."

"कशासाठी बी लिवलेलं असू दे. लागू पडलं."

"एक दिस थांबा, साहेब. बुधवारी मसूर निघंल लोकांची. मग..."

"बुधवारी लोक रानात असणार की रं," साहेब हसले. लहान पोराला समजावावं तसे हसले. मग टेबलावरचा नकाशा त्यांनी त्याच्यापुढं सरकवला. रस्त्याची तांबडी रेघ सरळ येत होती आणि एका जागी पोटाला बाक आल्यासारखी वळून पुढं परत सरळ होत होती. "ही तुझी पट्टी. सोडाय लावलीया मी. इंजिनियर नको म्हणत होता. म्हंटलं, आमचा महादेव हाय तो."

महादेव त्या बाकाकडं बघत राहिला.

"आरोही आता चौथीत न्हवं?" साहेब उठता उठता म्हणाले. "पिरनवाडीच्या शाळेत रिक्षानं जाती. तिचं पुढचं बी बघाय पायजे आपल्याला."

साहेबांना कुणाचं नाव कधी आठवत नसे. सख्ख्या भाच्याचं नावसुद्धा महादेवनं कानात सांगायचं. आरोहीचं नाव, तिची इयत्ता आणि तिची रिक्षा मात्र त्यांना कुणी न सांगता आठवली होती.

"उद्या मला विमानतळावर सोडलं की भरमू तुला गाडीनं तिथं नेईल. तू थांब तिथं. कोण विचारलं तर सांग, साहेब मंत्र्यांशी भांडाय बंगळूरला गेल्यात. फोन दोन्ही चालू ठेव. तू कुणाला लावू नको."

"व्हय, साहेब," महादेव म्हणाला. त्यानं ते ठरवून म्हटलं नाही. तोंडाला सवयच ती होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जयाबाई पाळणुकीची तयारी करत होती. दोन दिवसांचा चारा दावणीला आणून टाकला होता. विळे, खुरपी, कुदळ धुऊन माजघरातल्या कोपऱ्यात उभी केली होती आणि त्यांना हळद-कुंकू लावत होती. मालुबाईच्या रानात दिवसभर वाकून तिचे पाय सुजले होते. महादेव उंबऱ्यात बसून बघत राहिला.

"आई."

"हं."

"उद्या शिवारात कोण आलं तर?"

"कोण येतंय मराय? देवीचा वार हाय."

"आलंच तर?"

जयाबाईनं कुंकवाचं बोट थांबवलं. "काय झालंय रं तुला? तोंड का असं उतरलंय?"

"ऊन लागलं."

"गाडीत गारवा असतोय म्हणं तुमच्या, तिथं कुठलं ऊन लागतंय?" ती परत कामाला लागली.

त्यानं तीनदा तोंड उघडलं. पण सांगितलं तर काय होईल, हेही त्याच्यापुढं स्पष्ट होतं. सांगितलं तर गावाला पाळणूक मोडून रानात उतरावं लागेल. म्हाताऱ्या माणसांच्या हातून देवीचा वार मोडला म्हणजे ते पाप कुणाच्या डोक्यावर? नाही सांगितलं तर निदान तेवढं तरी वाचतंय. असं तो स्वतःला पटवत बसला आणि बऱ्यापैकी पटलंही. माणसाला गप्प बसायचं असलं की देवीसुद्धा मदतीला येते. तांबड्या रेघेचा बाक मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या बाकाकडं बघून कुठंतरी आत त्याला हायसं वाटत होतं. ह्याची त्याला लाज वाटली. लाज वाटत असतानाच तो जेवला, आरोहीला जवळ घेऊन आडवा झाला आणि गप्प राहिला.

मंगळवारी साहेबांना सांबऱ्याच्या विमानतळावर सोडून गाडी परतली तेव्हा साडेसात झाले होते. भरमू ड्रायव्हर एरवी बडबडा, आज त्यानं मान सुद्धा महादेवच्या बाजूला फिरवली नाही. पाणंदीच्या तोंडाला गाडी थांबली. पुढं सहा जेसीबी आणि पोलिसांच्या दोन गाड्या कच्च्या वाटेनं शिवारात उतरत होत्या. धूर सरळ वर चढत होता, वाऱ्याचं नाव नव्हतं.

आवाजानं गाव घराबाहेर पडलं. माणसं पाणंदीनं पळत आली, बायका पदर सावरत मागं आल्या आणि जिथं पाणंद संपून रानं लागतात तिथं सगळी एका रेघेत थांबली. दोनशे माणूस असेल. पोलिसांनी ढाली पुढं धरल्या होत्या, पण त्यांना काही करावंच लागलं नाही. म्हातारा यल्लाप्पा हात पसरून आपल्याच माणसांपुढं उभा होता.

"कोण पाऊल टाकायचं न्हाय! वार हाय!"

"आप्पा, सोडा मला!" विक्रम ओरडला. "बघा की, आपल्या रानात शिरलं!"

"दिसतंय मला. वार हाय म्हंटलं न्हवं!" बोलताना म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात खाली घेतले नाहीत.

पहिला जेसीबी मालुबाईचा बांध फोडून पुढं गेला. दव अजून होतं, तरी चाकांखाली शेंगा फुटत गेल्या. दोन माणसं फक्कीची पांढरी रेघ ओढत पुढं चालली होती आणि यंत्रं त्या रेघेमागून माती ओरबाडत येत होती. यल्लाप्पाची मसूर, कुणाचा हरभरा, कुणाची रताळी वर उलथून पडली. बायका आधी ओरडल्या, मग रडल्या, मग नुसत्या बघत राहिल्या. इतकं सगळं पुढ्यात होत असताना माणसांनी पाय जागच्या जागी रोवून धरले होते. काहींनी तर एकमेकांचे हात धरले होते, आपलाच पाय पुढं पडेल या भीतीनं.

यल्लाप्पाची नजर महादेवकडं गेली. "साहेब कुठं हाय?"

"बंगळूरला, काका. मंत्र्यांशी... भांडाय गेल्यात."

यल्लाप्पानं मान परत रानाकडं फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर महादेवला बरं वाटलं असतं.

जेसीबी जयाबाईच्या पट्टीच्या बांधाला आला आणि थांबला. रेघ ओढणाऱ्या माणसांनी कागद बघितला. मग रेघ वळली. पट्टीच्या कडेकडेनं, एक रोपही न दुखवता ती वळली आणि पलीकडं जाऊन परत सरळ झाली. जेसीबी तिच्यामागून वळला. उलथ्यापालथ्या लाल मातीत तीस गुंठ्यांची पट्टी तशीच राहिली, निम्म्यात काढलेल्या मसुरीच्या आडव्या मुठी, निम्म्यात पिवळी उभी मसूर.

सगळं गाव त्या पट्टीकडं बघत होतं. मग एकेकाची मान महादेवकडं फिरली. सौम्यानं आरोहीला पोटाशी घेतलं आणि तोंड फिरवलं.

जयाबाई त्याच्याजवळ आली. आवाज अगदी हळू होता. "तुला ठाव हुतं?"

दिवसाला पन्नास माणसांना खोटं सांगणारा माणूस तो. एक आणखी सांगता आलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "आई, आपलं ऱ्हायलं न्हवं..."

जयाबाईनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि ती रानात उतरली.

"वैनी!" यल्लाप्पा ओरडला. "वार हाय, वैनी!"

ती थांबली नाही. सुजलेल्या पायांनी ढेकळं तुडवत ती सरळ जेसीबीपुढं जाऊन उभी राहिली. महादेव तिच्यामागं धावला. बुटांखाली माती आली तेव्हा, आपणही पाऊल टाकलं, हे त्याला कळलं.

जेसीबीवाला बागलकोटकडचा पोरगेला गडी होता. त्यानं इंजिन मंद केलं.

"आमच्या रानावरनं बी घाल," जयाबाई म्हणाली. "सगळ्यांच्यावरनं घातलंस, आमच्यावरनं बी घाल. सोडू नगं."

त्याला मराठी येत नव्हती. त्यानं महादेवकडं बघितलं. "अज्जी एन हेळ्ताळ्री, सर?" आजी काय म्हणते?

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत पोचवायचं, हे काम महादेव अकरा वर्षं करत होता. मराठी गाऱ्हाणी कन्नड अधिकाऱ्यांपुढं ठेवायची आणि कन्नड नकार मराठी माणसांना गोड करून सांगायचे. त्यानं आईकडं बघितलं नाही. कन्नडमध्ये म्हणाला, "काही नाही. सावकाश चालव म्हणते. बांधाला धक्का लावू नको म्हणते."

गड्यानं मान डोलावली आणि गिअरला हात घातला.

जयाबाईनं बेळगावच्या बाजारात वीस वर्षं भाजी विकली होती. तिनं खोऱ्याच्या लोखंडावर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखी बोलली, "तम्मा, नम्म होलदागू होडी. बिडबेड." बाळा, आमच्या रानातही मार. सोडू नको.

पोरगं गोंधळलं. त्यानं आजीकडं बघितलं, मग महादेवकडं. "ऑर्डर इल्ल, अज्जी. सर, नीव हेळ्री." ऑर्डर नाही, आजी; सर, तुम्ही सांगा.

"सांग त्येला," जयाबाई म्हणाली. "तुझं ऐकत्यात न्हवं सगळी? सांग."

महादेवच्या खिशातला फोन वाजला. साहेबांचा. त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि फोन कानाला लागला.

"उतरलो मी," साहेब म्हणाले. मागं विमानतळाची गजबज होती. "काय परिस्थिती? शांत हाय न्हवं?"

पुढ्यात आई उभी होती. तिच्या केसांत लाल धूळ बसली होती.

"शांत हाय, साहेब," महादेव म्हणाला.

ते ऐकून जयाबाईनं लोखंडावरचा हात काढला. ती बाजूला झाली आणि आली तशी परत चालू लागली. जेसीबी पुढं गेला. महादेव चार पावलं मागं ठेवून तिच्यामागून आला.

माणसांच्या रेघेपाशी येऊन जयाबाई थांबली. आत आली नाही. यल्लाप्पापुढं वाकून तिनं मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. "भावजी, माझ्याकडनं वार मोडला. पंचांनी दंड घालावा."

यल्लाप्पानं डोळे पुसले. "पाच नारळ, वैनी. शुक्रवारी देवळात आणून द्या." मग बाजूच्या बायकांकडं वळून म्हणाला, "घ्या गं तिला." मालुबाई पुढं झाली आणि जयाबाईच्या दंडाला धरून तिला रेघेत घेतलं.

महादेव तिथंच उभा होता. बूट मातीनं भरले होते.

"काका," तो म्हणाला, "मी बी पाऊल टाकलंय. मला बी दंड घाला."

यल्लाप्पानं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तरी चाललं असतं.

"दंड गावच्या माणसाला असतोय," तो म्हणाला आणि पाठ फिरवली. माणसं एकेक करून पाणंदीनं गावाकडं चालू लागली, जयाबाई त्यांच्या मधून चालली होती, तिनं मागं वळून बघितलं नाही.